जोडीदाराकडे पाहणारा बैल

भास्कर, भांडण अर्ध्यावर टाकून उठून जायची तुझी सवय मला नवी नव्हती. "थांब गा, आलोच," म्हणायचास, दुपट्टा खांद्यावर टाकायचास आणि दुकानाच्या पायऱ्या उतरून गल्लीच्या तोंडाकडे चालायला लागायचास. मी मागून बोलतच राहायचो. तू परत यायचास तेव्हा माझा राग बोलून बोलून थकलेला असायचा आणि तुझ्याकडे उत्तर तयार असायचं. या वेळीही तू "आलोच" म्हणालास. पण दुकानात आला नाहीस. बरं वाटत नाही म्हणून परस्पर घरी गेलास आणि दिवेलागणीला वहिनींचा फोन आला.

गेलेल्या माणसाशी भांडू नये म्हणतात. पण भांडण तू अर्धं टाकलंस, मी नाही. माझी बाजू सांगून झाल्याशिवाय मला तुझ्यासाठी नीट रडताही येणार नाही.

तुझ्या तेरवीला सगळे तुझ्या हिंडण्याबद्दलच बोलत होते. भास्करभाऊ म्हणजे मोकळा जीव, कुठं कुठं जायचा आणि डोक्यात काय काय घेऊन यायचा. तुझे सावनेरचे मेव्हणे माझ्या शेजारी जेवायला बसले होते. ते म्हणाले, "गजाननभाऊ, राग नका मानू, पण तुम्ही त्याले लय दाबून ठेवलं. मोकळं सोडलं असतं तर कुठल्या कुठं गेला असता."

मी म्हणालो, "तो तर रोजच कुठल्या कुठं जात होता. वापस कोण आणत होतं?"

पंगतीत कुणी हसलं नाही. तुझ्या शुभांगीनं माझ्या ताटात बुंदी वाढली आणि हळूच म्हणाली, "काका, आज नको." लेकीनं सांगितलं म्हणून गप्प बसलो. पण ते बोलणं अजून मनातून गेलेलं नाही.

आपण दोघं एकाच गावचे. सीताबर्डीला हातगाडी लावली तेव्हापासून आपली वाटणी ठरलेली. तू करायचं, मी विकायचं. मोठ्यांच्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरांचा तान्हा पोळा. त्यासाठी लागणारे चाकावरचे लाकडी बैल नागपुरात करणारे खूप होते, आजही आहेत. गाडीवरून लकडगंजच्या दुकानापर्यंत आपण आलो ते माझ्या तोंडामुळं की तुझ्या हातामुळं, यावर आपण कधी भांडलो नाही. आपलं भांडण वेगळं होतं. मी म्हणायचो, काम बसून होतं. तू म्हणायचास, बसून फक्त बूड दुखतं.

तुझ्या म्हणण्यात तथ्य नव्हतं असं नाही. एका वर्षी मागणी जोरात होती, म्हणून मी तुला हिंडूच दिलं नाही. चहा जागेवर, डबा जागेवर, सायकल माझ्या घरी. तूही शहाण्यासारखा बसलास आणि साबणाच्या वड्यांसारखे बैल केलेस. शिंगं सरळ, पाय सरळ, अंग गुळगुळीत आणि डोळ्यांत काही नाही. विकले मी ते, कारण मी काहीही विकू शकतो. पण त्या वर्षी बैल हातात घेऊन एकही गिऱ्हाईक हसलं नाही. पोरं तर ते बैल ठेला ओढावा तशी ओढत होती.

मग एकदा मला कावीळ झाली आणि ऐन हंगामात मी घरी पडलो. तू मोकळा. मी बरा होऊन आलो तर दुकानभर नुसते तुकडे. एक मान होती, तिला धड नव्हतं. एकाचं वशिंड उंटासारखं चढवलेलं. एक बैल बसलेला होता, त्याला चाकं कुठं लावायची हे तुलाही माहीत नव्हतं.

"एकेक काय भारी सुचलं गा," तू म्हणालास.

"पुरं काय झालं ते दाखव."

तू दाराकडे पाहायला लागलास. मी दार लावून घेतलं आणि स्टूल पुढं सरकवलं. त्यानंतर पोळ्यापर्यंत तू उठला नाहीस आणि तेव्हाचे बैल आजही लोकांच्या देवघराशेजारी उभे आहेत. म्हणजे तू हिंडून आणलेलं आणि मी बसवून करून घेतलेलं, दोन्ही मिळून आपला बैल व्हायचा. एवढी साधी गोष्ट. ती तुला ठाऊक होती, मला ठाऊक होती, आणि बाहेर कुणालाच नव्हती. माझी तक्रार इथूनच सुरू होते.

आता जोडीची गोष्ट, तुला ठाऊक असली तरी सांगतो. तुझ्या सगळ्या बैलांची मान जराशी डावीकडे वळायची. तुझ्या लक्षातही यायचं नाही. गावाकडं तुमच्या जोडीतला उजवीकडचा बैल लहानपणापासून तुझ्या हाताखालचा. जुवाला जुंपला की तो डावीकडच्या जोडीदाराकडे पाहत उभा राहायचा. तेवढाच एक बैल तुझ्या हातात बसला होता. पण तान्ह्या पोळ्यात पोराचा बैल एकटा असतो. त्याच्या शेजारी कुणी नसतं. मग ती वळलेली मान खोट दिसायची. एका दुपारी उमरेडचं गिऱ्हाईक आलं. तू नेहमीप्रमाणे हिंडायला गेलेला. त्यानं बैल उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाला, "हा वाकडा काहून पाहून राहिला?"

भाव पाडण्यासाठीच काढलेली खोट, हे मला कळत होतं. मी म्हणालो, "वाकडा नाही भाऊ. जोडीदाराकडं पाहून राहिला. एकट्याले घेऊन चालले तुम्ही त्याले, मंग पाहीनच ना तो."

तो हसला. "मंग याचा जोडीदार कुठं आहे?"

"पुढच्या साली या."

बैल घेऊन गेला तो, मी सांगितलेल्या भावानं. दुसऱ्या दिवशी सकाळी तू आलास, कुणाशी बोलला नाहीस, आणि उजवीकडे मान वळवलेला बैल कोरायला घेतलास. तो झाल्यावर त्याला जुन्याच्या डावीकडे ठेवलंस. दोघं एकमेकांकडे पाहायला लागले. दुकानात आलेल्या माणसाला आपण मध्येच तिसरे आलो असं वाटावं, असे पाहत होते.

"कुठं सुचलं?" मी विचारलं.

"हिंडता हिंडता."

वाक्य माझं होतं. तू तिथं नव्हतास. ते उमरेडचं गिऱ्हाईक तुला वाटेत भेटलं का म्हणून विचारलं, तर तू नुसता हसलास. पुढं ती जोडी आपली ओळख झाली. दोन भावंडं असलेल्या घरात जोडीच जायला लागली. काटोलहून, सावनेरहून लोक जोडी मागत यायचे आणि "काय डोकं आहे भास्करभाऊचं" म्हणायचे. मी बिल फाडायचो. मला पटवून सांगता येत नव्हतं, आणि जे पटवून सांगता येत नाही ते मी बोलत नाही. पण सलत होतं.

मग या उन्हाळ्यात ती कॉलेजची मुलं आली, डिझाइन शिकणारी. भुशावरच मांडी घालून बसली बिचारी. मी त्यांच्यासाठी पाण्याच्या बाटल्या घेऊन आलो तेव्हा एक मुलगी विचारत होती, "काका, ही जोडीची कल्पना तुम्हाला कशी सुचली?"

तू म्हणालास, "बसून काही सुचत नाही बापा. मनाले मोकळं सोडा लागते. हिंडलं का सुचते."

सगळ्यांनी माना डोलावल्या. एकानंही विचारलं नाही की सुचल्यावर मग काय करता. तूही सांगितलं नाहीस. ती मुलं जाईपर्यंत मी दम धरला.

"अर्धंच सांगितलं तू त्या पोराईले," मी म्हणालो.

"कोणतं अर्धं?"

"हिंडून आल्यावर स्टुलावर कोण बसवते तुले? दाराले कडी कोण लावते? आता ते पोट्टे पेपरच्या दिवशीबी हिंडायले जातील."

तू हसलास. मग मी ते काढलं, इतकी वर्षं न काढलेलं. "अन् जोडीदाराचं वाक्य कोणाचं होतं, भास्कर? खरं सांग."

तू माझ्याकडे पाहिलंस. चोरी पकडलेल्या माणसाचा चेहरा मी ओळखतो. धंद्यात तेच पाहत आलो. तुझा चेहरा तसा नव्हता. काहीतरी सांगायला तोंड उघडलंस. मग दुपट्टा उचललास आणि म्हणालास, "थांब गा, आलोच."

"जा, जा," मी ओरडलो. "सुचलं का ये."

तू गेलास. तुझ्या ठोकळ्यावर तो अपुरा बैल होता, ओढला की चालता चालता मान हलवणारा. काटोलच्या संत्र्याच्या व्यापाऱ्यानं नातीसाठी सांगितलेला. तू कितीतरी वेळा तो खोलून पुन्हा जोडला होतास. मान हलायची, पण वरखाली. "बैल असा हलवते का गा मान?" तू म्हणायचास. "हा तर मी तुझ्यापुढं हलवतो तशी हलवून राहिला. हो मालक, हो मालक." खरा बैल चालताना मान बाजूला झुलवतो, पाऊल पडल्यावर किंचित उशिरा. तुला तो उशीर हवा होता. तो बैल तसाच अपुरा राहिला.

तेरवीनंतर शुभांगीनं तो बैल हातात घेतला. आपल्या बैलांचे डोळे गेली काही वर्षं तीच रंगवते, हात तुझाच आहे. मी तिला म्हणालो, "बेटा, बस. फोन ठेव बाजूले. मन लावून कर, होईल." ती बसली. सकाळपासून बसायची, जेवायलाही तिथंच. खिळी काढायची, घालायची. मान वरखालीच हलत होती. मी तिच्या पाठीकडे पाहायचो आणि मला साबणाच्या वड्या आठवायच्या.

अशात एका दुपारी दुकानाच्या पायरीवर सुमनबाई येऊन उभी राहिली. आपल्या मागच्या गल्लीत चहाचा ठेला चालवणारी. तुला आठवत असेल, तिची शेगडी आपल्या मागच्या टिनाच्या भिंतीला टेकून असते, तिच्या धुरानं टिन काळं पडतं म्हणून मी तिच्याशी एकदा असा भांडलो होतो की त्यानंतर त्या गल्लीत मी पाय ठेवला नाही. तिनंही माझ्याकडे पाहणं सोडलं होतं. तीच बाई आज हातात घडी घातलेला दुपट्टा घेऊन उभी. तुझा दुपट्टा.

"हा त्याईचा," ती म्हणाली. "धुऊन आणला."

"तुमच्याकडं कसा?"

"बाकड्यावर राहिला होता त्या दिवशी. बसले, चहा घेतला, म्हणे जीव घाबरून राहिला, घरी जातो. दुपट्टा तसाच."

"तुमच्या बाकड्यावर?"

"मंग? रोजचेच होते ते. तुमच्या टिनाले पाठ लावून बसत."

मी उभा राहिलो. गल्लीच्या तोंडापर्यंत सरळ जायचं, उजवीकडं वळायचं, पुन्हा उजवीकडं, आणि आपल्याच दुकानाच्या मागं येऊन बसायचं. एवढंच तुझं हिंडणं. मला वाटायचं तू फुटाळ्याला जातोस, तलावावर बसून विचार करतोस. लोकांनाही तेच वाटायचं.

"काय करे तो तिथं?"

"काय करन? चहा घ्याचे अन् तुम्हाले ऐकाचे." सुमनबाईला आता बोलायला जोर आला होता. "तुमचा भाव चालू झाला का म्हणत, बाई, अजून एक टाका, हे लंबं चालन आता. डोळे मिटून बसत. मले वाटे झोपले. मंग मधातच हसत. एक दिवस तर तुम्ही कोणत्या गिऱ्हाइकाले बैलाच्या जोडीदाराचं काही म्हटलं, तर चहाच सांडला यायनं अंगावर. मंग टिनावरच्या काजळीत बोटानं दोन बैल काढले, पाहत राहिले, अन् पुसून टाकले."

शुभांगीचे हात थांबले होते.

"अन् मी नसलो तर?" मी विचारलं. का विचारलं कुणास ठाऊक.

"तुम्हाले कावीळ झाली होती ना? तवा येऊन बसत अन् उठत. म्हणे, आज गजा नाही बाई, मन लयच दूर जाते, वापस येत नाही."

तिनं दुपट्टा काउंटरवर ठेवला आणि जायला निघाली. पायरीवरून वळून म्हणाली, "तुम्हाले सांगू नका म्हणत होते. माझ्या ठेल्यावर चहा पेतो म्हटलं तर तुम्ही त्याईले उभं केलं नसतं."

खरं आहे. केलं नसतं.

दुसऱ्या दिवशी मी त्या गल्लीत गेलो. टिन काळंभोर होतं, बाकड्यावर बसलेल्या माणसाचा हात पोचेल तेवढ्या जागी मात्र पुसून पुसून फिकट झालं होतं. त्यावर नवी काजळी धरायला लागली होती. मी पाठ टेकून बसलो. सुमनबाईनं न विचारता चहा दिला. आतून काही ऐकू येत नव्हतं, नुसता पंखा. ऐकू येणार तरी काय, जो बोलायचा तो बाहेर बसला होता.

तिथं बसून माझा पहिला विचार सांगू का, भास्कर? मी म्हणालो, म्हणजे तुझं हिंडणंही माझ्याच जोरावर चाललं होतं. टिनाच्या आत मी बसवायचो, टिनाच्या बाहेर मीच हिंडवायचो. तेरवीतल्या सगळ्यांना बोलावून सांगावं असं वाटलं. मग चहा निवत गेला आणि दुसरा विचार आला. जोडीदाराचं ते वाक्य मला कुठून सुचलं होतं? भाव करताना माझं अर्धं लक्ष नेहमी मालाकडे असतं. त्या दिवशी ते तुझ्या बैलाच्या मानेकडे होतं. आधीही किती गिऱ्हाइकांनी तीच खोट काढली होती, त्यांना मी सागाचं लाकूड, पक्का रंग असलं काही सांगून वाटेला लावलं होतं. त्या दिवशी मात्र ती मान पाहता पाहता तोंडातून ते निघालं. मग वाक्य कुणाचं? तू मान वळवलीस, मी ती विकली, तू ती ऐकलीस, आणि परत येऊन दुसरी मान केलीस. यात हिंडणं कुठं संपलं आणि काम कुठं सुरू झालं, ते मला वेगळं काढता येत नाही. हिशेब लागला नाही की मी चिडतो. त्या दिवशी चिडलो नाही.

तू सांगितलं का नाहीस, हेही मी लावून पाहिलं. सुमनबाई म्हणते ते एक कारण. दुसरं माझ्या लक्षात येतं. मला कळलं असतं तर मी तुझ्यासाठी बोललो असतो. टिनाकडे तोंड करून, वाक्य बनवून. ते तुझ्या एका क्षणात लक्षात आलं असतं आणि मग तुझं मन माझ्या बोलण्यात अडकून बसलं असतं. अर्धवट कानावर पडणारा, आपल्यासाठी नसलेला आवाज, तेवढाच तुला हवा होता. पाठ टेकायला टिन आणि मन टेकायला गजा. त्यापलीकडे ते कुठंही गेलं तरी चालत होतं.

तरीही, त्या मुलांना तू सांगायला हवं होतंस. एवढं एक वाक्य. "हिंडतो, पण दुकानाच्या आवाजाच्या बाहेर जात नाही." माझं नाव नसतं घेतलं तरी चाललं असतं. ही तक्रार मी सोडत नाही. त्या दिवशी तोंड उघडलंस तेव्हा हेच सांगणार होतास का, ते मला कधी कळणार नाही, आणि म्हणून तर मी ती जपून ठेवणार आहे.

काल काटोलचा तो व्यापारी आला. "भास्करभाऊ गेले, ऐकून लय वाईट वाटलं," म्हणाला. टोपी काढून खुर्चीवर बसला. मग म्हणाला, "तो मान हलवणारा बैल होत नसन तर तसं सांगा. पोरीले मी साधा घेऊन देतो."

शुभांगी ठोकळ्यापाशी होती. तिनं खिळी खाली ठेवली, माझ्याकडे पाहिलं नाही, उठली. खुंटीवरचा दुपट्टा तिनं खांद्यावर घेतला.

"थांबा काका, आलीच."

माझ्या तोंडात नेहमीचं आलं होतं. कुठं चालली, बस, मन लाव. पण मी बोललो नाही. ती पायऱ्या उतरून गल्लीच्या तोंडाकडे गेली. ती उजवीकडे वळली का, ते मी वाकून पाहिलं. वळली.

मी गल्ल्यावरून उठलो आणि व्यापाऱ्याला म्हणालो, "इकडं या असे, आत." त्याची खुर्ची मागच्या टिनाजवळ नेऊन ठेवली. त्याला वाटलं मी बाजूला घेऊन सौदा मोडतो आहे. टिनापलीकडे कपबशी वाजल्याचा आवाज आला. सुमनबाईनं शुभांगीसाठी चहा टाकला असावा. तिला ऐकवायला वाक्य बनवून मी बोलणार नव्हतो, तू ते पकडलं असतंस आणि पोरगी तुझीच आहे. तेव्हा मी खरा भांडलो. तो साधा बैल कोणत्या तोंडानं मागतो, नातीनं चालणारा बैल पाहिला आहे का कधी, काटोलात बैल मान कशी हलवतात ते तरी याला आठवतं का, सगळं काढलं. तोही पेटला. म्हणाला, "मले शिकवता का? आधी पाय पडते, मंग धक्का वर जाते, मंग मान. बैल काही घाईत नसते, भाऊ."

टिनापलीकडे एकदम शांत झालं.

भाव आपला चैत्रातच ठरला होता. तरी मी आवाज चढवला आणि म्हणालो, "ते बैलाचं पाहू मंग. आधी सांगा, देता किती?"